कॅरमच्या राणीवर उभी राहिलेली सेकिगाहाराची लढाई

सेकिगाहाराची लढाई आम्ही पहिल्यांदा खेळलो ती कॅरमच्या सोंगट्या घेऊन. जेवणाच्या टेबलावर हिरवी चादर, चादरीखाली जुने दिवाळी अंक रचून केलेले डोंगर, पांढऱ्या सोंगट्या पूर्वेच्या फौजेच्या, काळ्या पश्चिमेच्या. लाल राणी कोणाचीच नव्हती. टेबलाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या सगळ्यात उंच गठ्ठ्यावर ती ठेवली होती आणि तिच्याखाली चिठ्ठी होती : कोबायाकावा, १५ हजार माणसं, विचार चालू आहे.

ज्यांना ही लढाई माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २१ ऑक्टोबर १६००, मध्य जपानातलं डोंगरांनी वेढलेलं एक खोरं. पूर्वेकडून तोकुगावा इएयासु, पश्चिमेकडून इशिदा मित्सुनारी, दोन्हीकडची मिळून दीड लाखाच्या घरात माणसं. सगळा जपान एका मुठीत आणणारा हिदेयोशी दोन वर्षांपूर्वी वारला होता, मागे लहान मुलगा होता आणि कारभार कोणी बघायचा यावर सरदारांमध्ये उभी फूट पडली होती. एका दिवसात निकाल लागला आणि पुढची अडीचशेहून जास्त वर्षं तोकुगावा घराण्याचा अंमल राहिला. तो निकाल फिरवला डोंगरावर बसून विचार करणाऱ्या कोबायाकावा हिदेआकीनं. वय वर्षं १८.

सामुराईंची लढाई टेबलावर खेळायची म्हटलं की डोळ्यांपुढे तलवारी येतात. खरं तर तलवार हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. फासा टाकला, झालं. आणि जखमींच्या जुन्या जपानी नोंदी पाहिल्या तर बाण, गोळ्या, भाले, अगदी दगडसुद्धा तलवारीच्या पुढे दिसतात. अवघड आहे ते त्या पोराच्या डोक्यात काय चाललंय ते नियमांत बसवणं. या लेखात बाकीचं सगळं मी भराभर सांगणार आहे आणि तिथे जरा रेंगाळणार आहे.

आधी खेळ काय असतो ते उरकून घेऊ. टेबलावरचा वॉरगेम म्हणजे घरं नसलेलं बुद्धिबळ. सैनिकांचे छोटे पुतळे लाकडाच्या किंवा पुठ्ठ्याच्या चकत्यांवर चिकटवलेले असतात, अशा काही चकत्यांची एक तुकडी. पाळी आली की तुकडी मोजपट्टीनं मोजून इतके इंच सरकवायची, समोर कोणी आलं तर फासे टाकायचे. प्रशियाच्या लष्करात १८२४ च्या सुमारास अधिकाऱ्यांना शिकवायला असा नकाशावरचा खेळ आला, त्यात मध्ये एक पंच बसायचा. १९१३ साली एच. जी. वेल्स यांनी खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम छापले आणि हा उद्योग घराघरांत शिरला. जपानी लढाया त्यात बऱ्याच उशिरा आल्या, पण आता त्यांची स्वतंत्र जमात आहे.

आपल्याकडे दिवाळीचा किल्ला केलेल्या कोणालाही या खेळातली पहिली अडचण लगेच कळेल. महाराज सिंहासनावर बसलेले आणि त्यांच्या गुडघ्याएवढा महादरवाजा. प्रमाणाचं गणित कधीच जुळत नाही. वॉरगेममध्येही नाही, फक्त इथे ते कसं जुळत नाही हे आधी ठरवून घ्यावं लागतं.

सेकिगाहाराचं खोरं पूर्व-पश्चिम साधारण ४ किलोमीटर, दक्षिण-उत्तर २. टेबल ६ फूट बाय ४ फूट. १ इंच म्हणजे ६० मीटर धरले तर ७२ इंचांत ४ किलोमीटरांच्या थोडं वर अंतर बसतं आणि ४८ इंचांत जवळजवळ ३. म्हणजे मैदान मावलं. आता त्यावर बाजारात सर्रास मिळणारा २८ मिलिमीटर उंचीचा पुतळा उभा करा. आपल्या प्रमाणात तो ६६ मीटर उंच होतो, वीस मजली इमारतीएवढा! म्हणून मोठ्या लढायांना ६ किंवा १० मिलिमीटरचे चिमुकले सैनिक वापरतात. ते लांबून फौजेसारखे दिसतात, जवळून मोहरीसारखे.

मग माणसांचा हिशेब. एका बाजूला ८० हजार धरले आणि एक पुतळा म्हणजे १०० माणसं, तरी दोन्हीकडचे मिळून १६०० पुतळे. एकेक रंगवायला अर्धा तास लागला तर ८०० तास. रोज दोन तास बसलात तरी वर्ष उलटून जातं, आणि घरचे काय म्हणतात तो वेगळा विषय. कॅरमच्या सोंगट्या आम्ही हौसेनं घेतल्या नव्हत्या, हे आता लक्षात आलं असेल.

वेळेचंही प्रमाण ठरवावं लागतं. रात्री पाऊस झाला होता, सकाळी दाट धुकं होतं, ते ८ च्या सुमारास विरलं आणि लढाई सुरू झाली. दुपारी २ पर्यंत संपली, असं परंपरेनं सांगतात. एक पाळी म्हणजे २० मिनिटं धरली तर १८ पाळ्यांचा डाव. आता तोड्याची, म्हणजे जळत्या वातीनं बार काढणारी, बंदूक एकदा उडाली की पुन्हा भरायला अर्ध्या मिनिटाच्या आसपास लागतं. म्हणजे एका पाळीत एकाच बंदुकीचे चाळीसेक बार होऊ शकतात. त्यामुळे आपण जो एक फासा टाकतो तो एका गोळीचा नसतो. पुढे जाणं, मागे येणं, धूर, दारू संपणं, बाजूच्या गड्याला उचलून नेणं, अशी वीस मिनिटांची सगळी झटापट त्या एका फाशात असते. नवखा भिडू इथेच चिडतो. 'माझे एवढे बंदूकवाले आणि मेले फक्त दोन?' अरे, दोन पुतळे म्हणजे २०० माणसं.

फाशांचं काम तसं साधं आहे. समजा इशिदाची एक तुकडी ६ फासे टाकते आणि ४ किंवा वर आलं तर वार लागला. सरासरीनं ३ वार. समोरच्यांच्या अंगावर चिलखत आहे, म्हणून प्रत्येक वाराला त्यांचा एक फासा, ५ किंवा ६ आला तर वार फुकट. तीनातला एक सरासरीनं वाचतो. मग सगळ्यात महत्त्वाचा फासा येतो, धीराचा. साध्या प्याद्यांचा, म्हणजे आशिगारूंचा धीर ७ धरला तर दोन फाशांची बेरीज ७ किंवा कमी आली पाहिजे, नाहीतर तुकडी मागे पळते. ही शक्यता ३६ पैकी २१, म्हणजे अठ्ठावन्न टक्क्यांच्या आसपास. मुरलेल्या सामुराईंचा धीर ८ केला की तीच शक्यता बहात्तर टक्क्यांवर जाते. एका आकड्यानं एवढा फरक पडतो, म्हणून नियम लिहिणारे या आकड्यावरून रात्र रात्र भांडतात. मारलेल्यांपेक्षा पळालेले जास्त, हे सगळ्याच जुन्या लढायांचं खरं आहे आणि चांगल्या नियमांत ते आपोआप दिसतं.

इथपर्यंतचं सगळं वॉटर्लूला चालेल. पानिपतालाही चालेल. जपान इथून पुढे सुरू होतो.

फौज एकाची नसते

इएयासु किंवा इशिदा यांच्या हाताखाली 'एक फौज' नव्हती. दाइम्यो म्हणजे आपापल्या मुलखाचे सरदार, आपापली माणसं, आपापली निशाणं आणि आपापले हिशेब घेऊन आले होते. ज्याचा मुलूख जितक्या कोकूंचा, त्या मानानं त्यानं माणसं आणायची. एक कोकू म्हणजे एका माणसाला वर्षभर पुरेल एवढा तांदूळ, असा ढोबळ हिशेब. या सरदारांना सेनापतीकडून पगार नव्हता, मिळणार होती ती लढाईनंतरची जहागीर. तेव्हा रणांगणावरचा प्रत्येक जण शत्रूकडे एक डोळा आणि आपल्याच सेनापतीकडे दुसरा डोळा ठेवून उभा.

बुद्धिबळात घोड्याला तुम्ही सांगितलं की तो जातो. सेकिगाहाराच्या पटावर घोडा आधी विचारतो, मला काय मिळणार?

याचं सगळ्यात गमतीचं उदाहरण नांगु डोंगरावर आहे. तिथे पश्चिमेच्या बाजूनं मोरी हिदेमोतो १५ हजार माणसं घेऊन बसला होता. इएयासुच्या बरोबर पाठीमागे. तो खाली उतरता तर पूर्वेची फौज कात्रीत सापडती. पण त्याच्या पुढे, उतरायच्या वाटेवर, त्याच्याच घराण्यातला किक्कावा हिरोइए होता आणि त्यानं इएयासुशी आतून संधान बांधलेलं होतं. तो हललाच नाही. शेजारच्या सरदारानं विचारायला माणूस पाठवला, 'तुम्ही उतरत का नाही?' हिदेमोतो काय सांगणार? माझाच माणूस वाट अडवून बसलाय? 'शिपाई जेवतायत,' असं उत्तर गेलं. हिदेमोतोचा हुद्दा साइशो, म्हणून जपानीत 'साइशोसाहेबांचा रिकामा डबा' अशी म्हणच पडली.

आमच्या टेबलावर नांगु डोंगर मावत नाही. तो शेजारच्या खुर्चीवर असतो आणि त्यावर स्टीलचा एक छोटा डबा. पश्चिमेचा भिडू दर पाळीला एक फासा टाकतो. ६ आला तर किक्कावा बाजूला होतो. नाही आला तर पंच म्हणतो, 'जेवण चालू आहे.' १८ पाळ्यांत हे वाक्य दहा-पंधरा वेळा ऐकल्यावर इशिदाच्या पोटात काय झालं असेल ते कळतं.

राणी आणि तिचं कव्हर

आता मात्सुओ डोंगरावरचा कोबायाकावा.

हिदेआकी हा हिदेयोशीच्या बायकोचा भाचा, लहानपणी हिदेयोशीनंच दत्तक घेतलेला आणि मग कोबायाकावा घराण्यात दिलेला. म्हणजे नात्यानं तो पश्चिमेचा. पण कोरियाच्या स्वारीनंतर हिदेयोशीनं त्याची जहागीर कमी केली होती, ती पुढे परत मिळाली त्यात इएयासुचा हात होता. दोन्हीकडून त्याला आश्वासनं आलेली होती. तो डोंगरावर बसून राहिला. सकाळ गेली. इशिदानं सासाओ टेकडीवरून इशाऱ्याचा धूर केला, तरी नाही. दुपारच्या सुमारास इएयासुनं वैतागून त्याच्या दिशेनं बंदुका झाडायला लावल्या आणि तो घाबरून खाली उतरला, थेट पश्चिमेच्या अंगावर, असं पूर्वापार सांगतात. बंदुकांची ही गोष्ट आता बरेच अभ्यासक मानत नाहीत. तो सुरुवातीलाच फिरला आणि लढाई फार वेळ चाललीच नाही, असंही काही जपानी अभ्यासक म्हणतात. खेळ लिहिणाऱ्याला यातली एक बाजू घ्यावीच लागते, कारण फासा टाकायचा कधी हे नियमात लिहावं लागतं.

खरी पंचाईत वेगळीच आहे. टेबलाभोवती बसलेल्या सगळ्यांनी ही गोष्ट वाचलेली असते. पश्चिमेकडून खेळणारा पहिल्याच पाळीला निम्मी फौज मात्सुओच्या पायथ्याशी नेऊन उभी करतो. इशिदाला जे माहीत नव्हतं ते त्याला माहीत आहे. इतिहासाच्या खेळातला हा सगळ्यात जुना रोग. कोबायाकावा फितणार हे ठरलेलं ठेवलं तर डाव नाटकाच्या तालमीसारखा होतो, आणि तो निमूटपणे इशिदाचं ऐकणार असं ठेवलं तर सेकिगाहारा उरतच नाही.

एक जुना उपाय लखोट्यांचा. पंच डाव सुरू होण्याआधी तीन लखोटे करतो : एकात 'पश्चिमेचा', एकात 'पूर्वेचा', एकात 'शेवटपर्यंत बसून'. पिसून एक राणीखाली ठेवायचा, ठरल्या पाळीला फोडायचा. छान आहे, पण यात कोबायाकावाचा निर्णय लढाई सुरू व्हायच्या आतच झालेला असतो. तुम्ही मरमर लढलात काय आणि हातावर हात ठेवून बसलात काय, लखोट्यातला मजकूर बदलत नाही.

मॅट कॅल्किन्स यांनी २०११ साली केलेल्या 'सेकिगाहारा' या पटावरच्या खेळात वेगळी युक्ती आहे. तिथे फासेच नाहीत. तुकड्या म्हणजे लाकडी ठोकळे, प्रत्येकावर सरदाराचं चिन्ह, आणि ते चिन्ह आपल्यालाच दिसेल असं आपल्याकडे तोंड केलेलं. लढाई जुंपली की त्या सरदाराच्या चिन्हाचा पत्ता हातात असेल तरच त्याचा ठोकळा लढतो. पत्ता नसेल तर तो नुसता उभा. वर समोरचा एक खास पत्ता टाकून तुमच्या सरदाराच्या निष्ठेला आव्हान देऊ शकतो. त्याच चिन्हाचा आणखी एक पत्ता दाखवता आला नाही, तर तुमचाच माणूस त्या लढाईपुरता तिकडे. हातातले पत्ते म्हणजे सरदारांची मर्जी. मला विचाराल तर सामुराई काळावरच्या खेळांत यासारखी अचूक कल्पना दुसरी नाही. चिलखताच्या नियमांची पाच पानं एका पत्त्यात जिरवली आहेत.

आम्ही मात्र कॅरमवाले, आम्हाला उत्तर कॅरममध्येच सापडलं. कॅरममध्ये राणी घेतली म्हणजे ती तुमची झाली असं नसतं. लगेच आपली एक सोंगटी घेऊन तिला कव्हर करावं लागतं, नाहीतर राणी परत मधोमध. आमचा नियम असा. सहाव्या पाळीपासून पूर्वेचा भिडू दर पाळीला दोन फासे टाकतो. पश्चिमेची जितकी पथकं मोडली तितके अधिक, पूर्वेची मोडली तितके वजा. बेरीज ११ किंवा वर गेली की राणी पूर्वेकडे. सुरुवातीला ही शक्यता ३६ पैकी ३, म्हणजे बारात एकदा. पण पश्चिमेची तीन पथकं जास्त मोडली की नुसते ८ पुरतात, आणि शक्यता ३६ पैकी १५ वर जाते. म्हणजे चिमणराव सरदाराला वाऱ्याची दिशा दिसायला लागते. पश्चिमेलाही असाच फासा आहे, फक्त त्यांना १२ लागतात, कारण हिदेआकीचं मन इशिदापासून आधीच उडालेलं होतं.

राणी घेतली, आता कव्हर. मात्सुओच्या पायथ्याशी ओतानी योशित्सुगु होता. आजारानं जर्जर, पालखीतून लढणारा, आणि हिदेआकीवर पहिल्यापासून संशय असल्यामुळे त्याच्याकडे नजर ठेवून बसलेला. कोबायाकावा उतरला तेव्हा ओतानीच्या मूठभर माणसांनी त्याला आधी मागे रेटलं. मग शेजारचे चार छोटे सरदार, वाकिसाका, कुत्सुकी, ओगावा आणि आकाझा, तेही फिरले आणि ओतानी तिन्ही बाजूंनी सापडला. त्यानं तिथेच जीव दिला. तर हे चौघं म्हणजे आमचं कव्हर. राणी पडल्यानंतरच्या पाळीला पूर्वेनं एक फासा टाकायचा. ४ किंवा वर आला तर चौघंही फितले आणि पश्चिमेचा उजवा हात गेला. ३ किंवा कमी आला तर ओतानीनं कोबायाकावाला डोंगरावर परत पिटाळलं, राणी पुन्हा दिवाळी अंकांवर, आणि पुन्हा विचार सुरू.

हा नियम लावल्यापासून पश्चिमेचा भिडू मात्सुओला वेढा घालायला जात नाही. तिथे माणसं अडकवली तर समोर त्याची पथकं मोडतात आणि राणी आणखी लवकर पडते. ओतानीसारखा एक भरवशाचा माणूस तिथे ठेवायचा आणि समोरची फळी टिकवायची, एवढंच हातात राहतं. इशिदानंही तेच केलं होतं.

धुकं आणि बंदुका

सेकिगाहाराखालोखाल टेबलावर मांडली जाते ती कावानाकाजिमाची १५६१ सालची चौथी लढाई, ताकेदा शिंगेन विरुद्ध उएसुगी केनशिन. इथे निष्ठेचा प्रश्न नाही, आंधळेपणाचा आहे. शिंगेनचा सल्लागार यामामोतो कान्सुके यानं डाव रचला होता तो सुतारपक्ष्याचा. सुतारपक्षी खोडाच्या एका बाजूला चोच मारतो आणि घाबरून दुसऱ्या बाजूनं बाहेर आलेला किडा खातो, असं त्यामागचं म्हणणं. मोठी तुकडी रात्री साइजो डोंगरावर चढून केनशिनला हुसकणार आणि शिंगेन खाली हाचिमानबाराच्या मैदानात वाट बघणार. पण शत्रूच्या किल्ल्यावर नेहमीपेक्षा जास्त चुली पेटलेल्या पाहून केनशिनला शंका आली म्हणतात. तो रात्रीच गुपचूप खाली उतरला. सकाळी धुकं विरलं तेव्हा शिंगेनच्या पुढ्यात अख्खी उएसुगी फौज उभी.

टेबलावर सगळं वरून दिसतं, त्याला काय करायचं? पुतळे आधी मांडायचेच नाहीत. त्यांच्या जागी पालथे पत्ते. काहींच्या पोटात तुकडी, काही कोरे. दोन्ही भिडू पत्ते सरकवत राहतात, धुकं संपल्याचा फासा पडला की उलटे करायचे. डोंगरावर गेलेली तुकडी परत कोणत्या पाळीला येणार तेही फाशावर, आणि इथे शिंगेनकडून खेळणाऱ्याचे हाल बघण्यासारखे असतात. त्याला फक्त तग धरायचा असतो. प्रत्यक्षात तग धरला गेला, पण तोवर शिंगेनचा भाऊ नोबुशिगे आणि स्वतः कान्सुके दोघंही पडले होते.

नागाशिनोच्या लढाईचा, म्हणजे १५७५ चा, प्रश्न बंदुकांचा. ओदा नोबुनागानं लाकडी कुंपणामागे ३ हजार बंदूकधारी तीन रांगांत उभे केले, आळीपाळीनं बार काढले आणि ताकेदांचे घोडेस्वार कापून काढले, ही गोष्ट शाळकरी पोरांनाही माहीत असते. लढाईच्या जवळच्या नोंदीत मात्र बंदुकांचा आकडा हजाराच्या आसपास दिसतो आणि तीन रांगांचा शिस्तशीर फिरता मारा नंतरच्या लेखनातून आलेला आहे. तुम्ही गोष्टीप्रमाणे नियम केलेत तर ताकेदांचा भिडू चहा थंड व्हायच्या आत उठून जातो. लढाई चालली होती काही तास. त्यामुळे गोळीबारानं माणसं कमी मारायची आणि तुकडीची घडी जास्त विस्कटायची, असे नियम मला पटतात. विस्कटलेली तुकडी ओढा ओलांडून कुंपणापर्यंत पोचते, पण दमलेली, आणि तिथे लांब भाले वाटच बघत असतात.

या बंदुकांची वाट आपल्या किनाऱ्यावरून जाते. १५४३ साली पोर्तुगीजांबरोबर पहिल्या तोड्याच्या बंदुका जपानच्या तानेगाशिमा बेटावर उतरल्या. जपानी बंदुकीतली जामगी, म्हणजे जळती वात, ज्या रीतीनं झटक्यात बंदुकीच्या कानावर, म्हणजे बार पेटवायच्या छिद्रावर, पडते, ती रीत गोव्यात आणि पूर्वेकडच्या पोर्तुगीज ठाण्यांत बनणाऱ्या बंदुकांशी जुळते, असं शस्त्रांचे बरेच अभ्यासक मानतात. जपानी लोहारांनी ती उचलली आणि नंतर तीनशे वर्षं फारशी बदललीच नाही.

घोड्यांबद्दल एकच सांगतो. तेव्हाची जपानी घोडी लहानखुरी, आपल्या तट्टाएवढी. सामुराई घोड्यावर, आणि भाला, शिरस्त्राण, पाणी घेऊन त्याचे दोन-तीन नोकर पायी बरोबर धावणार. म्हणून 'घोडेस्वारांच्या' चकतीवर नुसते स्वार चिकटवू नका. एक स्वार आणि त्याच्या बाजूला दोन पायदळ चिकटवा. वेगही पायदळापेक्षा थोडाच जास्त ठेवा. युरोपातल्या घोडदळाचा वेग देऊन लोकांनी ताकेदांची फौज उगाच रणगाड्यांसारखी केली आहे.

छोट्या चकमकींची जातही आहे, त्यात एक पुतळा म्हणजे एकच माणूस, दहा-वीस जणांत डाव. तिथे पहिला भाला मारल्याचा मान, कापलेली शिरं मोजून मिळणारं श्रेय, हे सगळं गुणांत धरता येतं. २८ मिलिमीटरचे देखणे पुतळे तिथेच शोभतात. रंगवणं वाटतं तितकं भयंकर नाही. काळं चिलखत, कडांवर करड्या रंगाचा कोरडा ब्रश, दोऱ्यांच्या ओळींना एक भडक रंग. प्याद्यांना घराण्याकडूनच उसनं चिलखत मिळायचं, त्यामुळे एका पथकाला एकच रंग चालतो. वेळ खातात ती पाठीवरची निशाणं. नवशिक्यानं सानादा घराण्यापासून सुरुवात करावी, त्यांच्या निशाणावर सहा नाणी आहेत, गोल काढले की झालं. इशिदाच्या निशाणावर सहा चित्राक्षरं आहेत. मी चोवीस निशाणं काढली आणि त्यातल्या अकरांवर एक काडी जास्त आहे, हे मला एका जपानी येणाऱ्या मैत्रिणीनं फार प्रेमानं सांगितलं.

राहिला शिमाझु. सेकिगाहाराच्या पश्चिम फळीत शिमाझु योशिहिरो जेमतेम दीड हजार माणसं घेऊन उभा होता आणि तो लढलाच नाही. इशिदाचा निरोप्या घोड्यावरून न उतरता हुकूम सांगू लागला म्हणून अपमान झाला, असं सांगतात. इशिदा स्वतः आला तरी उत्तर तेच, आम्ही आमचं बघू. सगळी फळी कोसळल्यावर चहूबाजूंनी वेढलेला शिमाझु पळाला, तो पुढच्या बाजूनं, इएयासुच्या फौजेच्या मधून! मागे थोडी थोडी माणसं बसवत, ती पाठलाग रोखत मरत आणि बाकीचे पुढे सरकत. पाठलागात इएयासुचा खंदा सरदार इई नाओमासा गोळी लागून जखमी झाला. शिमाझुचा पुतण्या तोयोहिसा पडला. घरी पोचले ते अगदी थोडे, पण योशिहिरो पोचला.

याला नियम कसा करायचा यावर आमचं बरंच डोकं चाललं. शेवटी प्रत्येक सरदाराच्या विजयाची अट वेगळी ठेवली. इशिदा जिंकला तर इशिदा जिंकला, शिमाझुचा त्याच्याशी संबंध नाही. त्याची सोंगटी पूर्वेच्या कडेवरून टेबलाबाहेर गेली की तो एकटा जिंकला, बाकी लढाईचं काहीही होवो. गेल्या खेपेला हे पात्र माझ्या तेरा वर्षांच्या भाचीला दिलं होतं, कारण तिला नियम वाचायचा कंटाळा होता. चौदा पाळ्या ती चिवडा खात बसली. इशिदाकडून खेळणारा माझा मावसभाऊ दर पाळीला गयावया करत होता आणि ती मान हलवत होती. पंधराव्या पाळीला राणी पडली, कव्हरही झालं, काळ्या सोंगट्या भराभर उचलल्या जायला लागल्या. तेव्हा तिनं हात पुसले, मोजपट्टी मागितली आणि विचारलं, 'मामा, दारापर्यंत किती इंच?'